एकच घेणं शक्य असेल तर अंध माणसाने लॅपटॉप घ्यावा की नवा फोन?

माणदेशी:

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, म्हसवडपासून बरंच आत. मला आर.पी. आहे, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. शाळेत असताना रात्रीचं दिसायचं नाही, तेवढंच होतं. बी.ए.ला आले तेव्हा फळ्यावरचं दिसेना, मग पुस्तकातलं. आता खिडकी कुठे आहे एवढं दिवसाउजेडी कळतं. ब्रेल येत नाही.

फोनवर टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, माझी मी शिकले. व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूबवरची लेक्चरं, पैसे पाठवणं, सगळं जमतं. पण फोन जुना आहे, तीन जीबी रॅमचा. बोट सरकवलं की आवाज मागून येतो, आणि दुपारी चारच्या आत बॅटरी संपते. यंदा डाळिंबाचे बरे पैसे झाले. आबांनी तीस हजार बाजूला काढून ठेवलेत आणि म्हणालेत, "तुझ्या अभ्यासाला काय लागतं ते घे, पण एकच."

मी बँकेच्या क्लार्क परीक्षेची तयारी करते आहे. भाऊ म्हणतो, चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घे, सगळं त्यात होतं. साताऱ्याच्या क्लासचे सर म्हणतात, लॅपटॉप घे. मी कॉम्प्युटरला हात लावला तो एमएस-सीआयटी करताना, तेव्हा डोळ्याने थोडं दिसायचं आणि माउस चालवता यायचा. आता माउसचा बाण दिसत नाही तर मुलगी लॅपटॉप कसा चालवणार, असं घरात सगळेच विचारतात, आणि मलाही नीट सांगता येत नाही. शिवाय इथे लाइट कधीही जाते. काही बिघडलं तर दुरुस्तीला फलटण गाठावं लागतं.

ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी कृपया सांगा. तुम्ही रोज कशावर काय करता? आणि माझ्या जागी असतात तर काय घेतलं असतं?

पंचगंगा:

अगं, आधी उत्तर देते, मग कारणं. लॅपटॉप घे. जुना घे पण नीट पारखून घे, आणि उरलेल्या पैशात आहे त्या फोनची बॅटरी बदलून टाक.

मी जन्मांध. अंधशाळेत ब्रेलवर शिकले, कॉलेजात कॉम्प्युटर शिकले आणि आता कोल्हापूर जिल्ह्यात एका सरकारी बँकेच्या शाखेत कर्जाच्या टेबलावर बसते. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही दिवसभर हाताशी असतात.

माउसचं आधी. आपण माउस वापरतच नाही. विंडोजवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम, चालतो. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, कारण तेव्हाचे चांगले स्क्रीन रीडर इतके महाग होते की बहुतेक अंधांना ते घेणंच शक्य नव्हतं. एनव्हीडीए आजही फुकट आहे, मराठी बोलतो, आणि पेनड्राइव्हवर टाकून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही चालवता येतो. सगळं काम कीबोर्डवर. घरच्यांना एवढं सांग की माउसचा बाण दिसायची गरजच उरत नाही.

आता खरा फरक. फोनवर आपण बोट सरकवत एकामागून एक गोष्ट ऐकत जातो. टॉकबॅकमध्येही मथळ्यांवरून पुढे जाता येतं, पण त्यासाठी आधी पर्याय बदला, मग सरकवा. कीबोर्डवर एच दाबलं की पुढचा मथळा, टी दाबलं की पुढचा तक्ता, ई दाबलं की लिहायची पुढची चौकट, बी दाबलं की पुढचं बटण. परीक्षेची जाहिरात तू ऐकली असशीलच, पानंच्या पानं असते. त्यात लेखनिकाचे, म्हणजे आपल्यासाठी पेपर लिहिणाऱ्याचे, नियम तेवढे हवे असतील तर शोध लावून थेट त्या ओळीवर जाता येतं, तिथे शब्द न् शब्द थांबून ऐकता येतो, कॉपी करून स्वतःच्या फाइलमध्ये ठेवता येतो. फोनवर मी हे करून बघितलेलं आहे. होतं, पण शेवटी डोकं दुखतं आणि काय ऐकलं ते लक्षात राहत नाही.

तक्त्यांचं तर विचारूच नकोस. बँकेच्या परीक्षेत सारणीवरची गणितं असतात. एनव्हीडीएमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट धरून बाण दाबला की तू तक्त्यात वर-खाली, डावी-उजवीकडे फिरतेस, आणि रकाना बदलला की त्याचं नाव आधी ऐकू येतं. तक्ता नीट बनवलेला असेल तर "२०२२, उत्पादन, ४५०" असं कळतं. माझ्याकडे दर महिन्याला थकीत खात्यांची एक्सेल शीट येते. मी कॉलममधून खाली उतरत जाते, सी चौदा, सी पंधरा, आणि रक्कम खटकली की त्याच ओळीत डावीकडे जाऊन नाव ऐकते. चौकोन कुठे आहे ते माझ्या डोक्यात पक्कं असतं. हीच शीट फोनवर उघडली की मी कुठे आहे तेच हरवतं.

आणि मराठी लिहिणं. हे मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण कुणी सांगत नाही.

फोनवर आपण बहुतेक बोलून लिहितो. पटकन होतं. पण कानाला 'शिर' आणि 'शीर' जवळजवळ सारखंच ऐकू येतं, 'सुत' आणि 'सूत' तसंच. फोनने कुठलं लिहिलं ते समजायला एकेक अक्षर तपासत बसावं लागतं. मी कॉम्प्युटरवर इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरते. त्यात काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन बटणांवर बारीक उंचवटा असतो, चाचपून बघ. इन्स्क्रिप्टमध्ये एफवर पहिली वेलांटी आहे आणि जेवर 'र'. दुसरी वेलांटी आरवर, म्हणजे त्याच बोटाने एक ओळ वर. पहिला उकार जीवर, दुसरा त्याच्या वर टीवर. म्हणजे ऱ्हस्व खालच्या ओळीत आणि दीर्घ वरच्या ओळीत. हात एकदा बसला की कोणती वेलांटी दिली ते बोटालाच कळतं, कानाने ओळखायचा प्रश्न राहत नाही. माझं शुद्धलेखन शाळेपेक्षा नोकरी लागल्यावर सुधारलं ते यामुळे. शाखेतून ग्राहकांना जाणारी मराठी पत्रं मी लिहिते आणि ती कुणी तपासून द्यावी लागत नाहीत. याचा मला अभिमान आहे.

तू उद्या राज्य सरकारच्या लिपिक-टंकलेखक पदाचा विचार केलास तर तिथे मराठी टायपिंग मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागतं. फोनवरचा सराव तिथे काहीही उपयोगी पडत नाही.

परीक्षेपुरतं बोलायचं तर खरं ते सांगते. बँकेच्या परीक्षेत तू लेखनिक घेशील, तासाला २० मिनिटं जादा मिळतील, आणि पेपर लेखनिक वाचून दाखवेल. म्हणजे परीक्षा द्यायला लॅपटॉप लागत नाही. पण निवड झाल्यावर पहिल्या दिवशी तुला कॉम्प्युटरसमोर बसवतात. अपंग हक्क कायदा २०१६ प्रमाणे सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव आहेत, त्यातली एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी. त्या जागेवर आपलं माणूस येतं आणि कीबोर्ड माहीत नाही म्हणून त्याला नुसतं बसवून ठेवलं जातं, पगार मिळतो आणि काम दिलं जात नाही. हे मी जवळून बघितलंय आणि त्याने माणूस आतून खचतो. माझ्या आधीच्या शाखेत मलाही पहिले काही आठवडे कुणी कामच देत नव्हतं. मी स्वतःचा लॅपटॉप घेऊन गेले, साहेबांसमोर एक पत्र टाइप करून दाखवलं, मग टेबल मिळालं.

फोन नको असं मी अजिबात म्हणत नाही. घरून निघाल्यापासून शाखेत पोचेपर्यंत माझा सगळा व्यवहार फोनवर असतो. पुस्तकंही मी फोनवरच ऐकते. सुगम्य पुस्तकालय २०१६ साली सुरू झालं, छापील वाचता न येणाऱ्यांसाठीच ते आहे, तिथे नाव नोंदव. पण ऐकणं हे एक काम आणि लिहिणं, तपासणं हे दुसरं. तुझ्या हातातला फोन पहिलं काम कसंबसं का होईना करतो आहे. दुसरं करणारं तुझ्याकडे काहीच नाही.

बार्शीचा तबला:

ताई, पंचगंगा ताईंनी सांगितलं ते नोकरीच्या बाजूने बरोबरच आहे. पण मी दुसरी बाजू मांडतो, कारण तुम्ही खेड्यात आहात आणि मीही.

मी तबला शिकवतो. लॅपटॉप माझ्याकडे होता, आता पुतण्या वापरतो. माझं सगळं जगणं फोनवर चालतं. विद्यार्थ्याने तबल्यावर वाजवलेला कायदा रेकॉर्ड करून त्याला परत पाठवतो, तिहाई कुठे चुकली ते त्याच्याच वाजवण्यात ऐकवतो. कार्यक्रमाच्या तारखा फोनमध्ये. एसटी स्टँडवर गाडीची पाटी वाचायला फोन. किराणा दुकानात डब्यावरची तारीख वाचायला फोन.

आणि पैसे. पूर्वीच्या नोटा लांबी-रुंदीवरून हाताला ओळखू यायच्या. २०१६ नंतरच्या नव्या नोटांत पन्नासपासून पाचशेपर्यंत सगळ्यांची रुंदी एकच, ६६ मिलिमीटर. शंभराची लांबी १४२, दोनशेची १४६, पाचशेची १५०. फरक चार-चार मिलिमीटरचा. मळलेली, घडी पडलेली नोट हातात आली तर तो फरक बोटाला कळत नाही. एका पालकाने फी म्हणून दिलेल्या नोटांमध्ये पाचशेच्या जागी दोनशेची निघाली, आणि ती जाणूनबुजून दिली की चुकून, हे विचारायचीसुद्धा चोरी. त्या दिवसापासून मी नोट हातात आली की फोनसमोर धरतो. रिझर्व्ह बँकेचं मणी नावाचं अ‍ॅप २०२०मध्ये आलं, इंटरनेट नसलं तरी चालतं आणि नोट कितीची ते बोलतं. लॅपटॉप हे काम कधीच करणार नाही.

तुमचा फोन दुपारी चारला बंद पडतो म्हणालात. मला ते फार गंभीर वाटतं. आपल्याला फोन बंद म्हणजे रस्त्यात कुणाला हाक मारायचं साधनच गेलं. लाइट गेली तर फोन पॉवर बँकेवर दोन दिवस निघतो, जुन्या लॅपटॉपची बॅटरी दोन तासही देत नाही.

माझं म्हणणं असं, की पंधरा हजारांपर्यंत चांगला फोन घ्या, सहा किंवा आठ जीबी रॅमचा, आणि त्याला साधा यूएसबी कीबोर्ड जोडा. ओटीजीची छोटी पिन मिळते. टॉकबॅक कीबोर्डवरही चालतो. हात बसायचा तो त्यावरही बसेल. उरलेले पैसे ठेवून द्या आणि निवड झाल्यावर पगारातून लॅपटॉप घ्या.

ठाण्याचा ऑपरेटर:

मी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. नोकियावर टॉक्स टाकून मेसेज ऐकायचो तेव्हापासून हे सगळं बघत आलो आहे. तेव्हा फोनला खरी बटणं होती आणि पाच नंबरच्या बटणावर उंचवटा असायचा. सपाट काचेचा फोन आला तेव्हा आमच्यातले कितीतरी जण घाबरले होते. २००९ साली आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आलं, त्याच वर्षी अँड्रॉइडवर टॉकबॅक आलं, आणि काचेवरही काम करता येतं हे सिद्ध झालं. तेव्हा दोघांनाही माझा नमस्कार.

वादात मी पंचगंगाबाईंच्या बाजूचा. तबला मास्तरांची कीबोर्ड जोडायची युक्ती चांगली आहे, मी स्वतः ती पत्र लिहायला वापरतो. पण बाळ, बँकेत तुझ्यासमोर विंडोज असणार, अँड्रॉइड नाही. शॉर्टकट वेगळे, फाइल ठेवायची रीत वेगळी, सवय वेगळी. नोकरी लागल्यावर शिकू म्हणशील तर सगळ्या शाखेचे डोळे तुझ्यावर असताना शिकावं लागेल. घरात, चुका करायला मोकळीक असताना शिकणं वेगळं.

आता खरेदीचं. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांतून मी बऱ्याच मुलांना जुने लॅपटॉप घेऊन दिलेत, त्यावरून सांगतो.

विंडोज १०ला कंपनीचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. तेव्हा विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असाच लॅपटॉप घे. इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा. दुकानदार "सगळं चालतं" म्हणेल, त्याला पिढी विचार आणि बिलावर लिहून घे. हार्ड डिस्कवाला घेऊ नकोस, एसएसडीच हवी. डोळस माणसाला संथ मशीन चालून जातं, तो स्क्रीनकडे बघत थांबतो. आपण की दाबली आणि आवाज आला नाही की दाबली गेली का नाही तेच कळत नाही, मग आपण परत दाबतो आणि दोनदा काहीतरी होऊन बसतं. रॅम आठ जीबी.

स्क्रीनवर रेघ, डाग, पिवळेपणा असेल तर तो तुझा फायदा. किंमत पाड. पण पूर्ण फुटलेल्या स्क्रीनचा मात्र घेऊ नकोस. मशीन सुरू होतानाचे काही पडदे, बायोस वगैरे, बोलत नाहीत, तिथे भावाला बघून सांगावं लागेल. कीबोर्ड मात्र नवरीसारखा पारखून घे, प्रत्येक बटण दाबून. आणि हेडफोनची गोल पिन आहे ना ते बघ. ब्लूटूथवर शब्दाची सुरुवात गिळली जाते, टाइप करताना ते फार त्रास देतं. वायरचेच वापर.

दुकानात उभ्या उभ्या तपासायचं कसं? विंडोज, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाब. नॅरेटर म्हणजे विंडोजचा स्वतःचा स्क्रीन रीडर बोलायला लागेल. काहीही टाकायची गरज नाही. मग तूच सेटिंग उघडून रॅम किती आहे ते ऐक. भावाला विचारू नकोस, तू ऐक. दुकानदारही मग नीट बोलतो.

पंचगंगा:

ऑपरेटर काका, नॅरेटरचं फार चांगलं सांगितलंत.

तबला सर, नोटांबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं, आणि ती विचारायची चोरी मला पुरती माहीत आहे. बॅटरीचा मुद्दाही मान्य, म्हणून तर ती बदल म्हणाले. फक्त पगारातून लॅपटॉप घेऊ या गोष्टीशी मी सहमत नाही. खाजगीत असो की सरकारी, पहिल्या दोन महिन्यांत लोक आपल्याबद्दल जे ठरवतात ते पुढे वर्षानुवर्षं पुसता येत नाही.

आणखी दोन गोष्टी राहिल्या होत्या. जुन्या सरकारी मराठी फाइलींमध्ये श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असे युनिकोड नसलेले फॉन्ट असतात. डोळ्याला मराठी दिसतं, पण आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि खुणा असतात. एनव्हीडीए ते वाचतो तेव्हा नुसता गोंगाट ऐकू येतो. माणदेशी, तुला असं झालं तर मशीन बिघडलं असं समजू नकोस. कॉम्प्युटरवर असा मजकूर युनिकोडमध्ये बदलता येतो, त्याची साधनं मिळतात. आणि छापील कागद किंवा स्कॅन असेल तर इथे फोनच उजवा, फोटो काढून गूगल लेन्सला दिलं की मराठी बऱ्यापैकी वाचतो. मी शाखेत आलेला छापील कागद आधी तसाच ऐकते. हाताने लिहिलेला अर्ज मात्र शेजारच्या टेबलावरून वाचून घ्यावा लागतो.

दुसरं केवायसीचं. फोनवर खातं उघडताना कॅमेऱ्यात बघा, डोळे मिचकवा असं येतं आणि तिथे आपलं घोडं अडतं. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसी अपंगांना करता येईल अशीच ठेवली पाहिजे. तुझ्या गावच्या शाखेत कुणी अडवलं तर हा निकाल सांग. मी स्वतः काउंटरवर येणाऱ्या अंध ग्राहकांना सोबत माणूस आणा असं कधी म्हणत नाही, आणि म्हणू देतही नाही.

माणदेशी:

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आबांना बसवून सगळं वाचून दाखवलं, म्हणजे टॉकबॅकनेच वाचलं. वेलांटीचं ऐकून ते म्हणाले, मग हेच घे. आईला मात्र तबला सरांचं पटलं, फोन बंद पडतो त्याची तिला रोज धास्ती. मग बॅटरी या आठवड्यातच बदलायची असं ठरलंय, आणि पॉवर बँक भाऊ घेऊन देतो म्हणाला.

रविवारी भाऊ आणि मी पुण्याला जातो आहोत. दोनच प्रश्न. उजव्या बाजूला आकड्यांचा वेगळा भाग असलेला कीबोर्ड घ्यावा की साधा? आणि घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करू? इथे शिकवणारं कुणी नाही.

बार्शीचा तबला:

आईंना सांगा, पॉवर बँक वीस हजार एमएएचची घ्या, दहाची नको. आणि मणी अ‍ॅप आजच टाकून घ्या, जुन्या फोनवरही चालेल. लॅपटॉप आला की कीबोर्डवर हात कसा बसला ते कळवा. मला माझ्या एका विद्यार्थिनीला सांगायचं आहे, ती बारावीला आहे.

पंचगंगा:

आकड्यांचा भाग असला तर उत्तम. एनव्हीडीएमध्ये त्या बटणांवरून ओळ, शब्द, अक्षर असं वाचता येतं. पण त्यासाठी मोठा आणि जड लॅपटॉप घेऊ नकोस. साध्या कीबोर्डसाठी एनव्हीडीएमध्ये लॅपटॉपची वेगळी मांडणी आहे. पहिल्यांदा सुरू केल्यावर जी स्वागताची चौकट येते तिथेच ती निवडता येते, आणि कॅप्स लॉकला एनव्हीडीएची की करायचं असंही तिथेच विचारतात. ते हो कर. इन्सर्टचं बटण प्रत्येक लॅपटॉपवर वेगळ्या जागी असतं, कॅप्स लॉक डाव्या करंगळीखाली नेहमी सापडतं.

पहिल्या दिवशी काही उघडू नकोस, इंटरनेटही नको. एनव्हीडीए सुरू झाला की कॅप्स लॉक धरून वरच्या ओळीतला एक दाब. याला इनपुट हेल्प म्हणतात. आता तू जे बटण दाबशील त्याचं फक्त नाव सांगितलं जाईल, आणि त्याचं एनव्हीडीएमध्ये काही काम असेल तर तेही. मशीनला काही होत नाही, काही पुसलं जात नाही. दोन्ही तर्जन्या एफ आणि जेच्या उंचवट्यांवर ठेव आणि तिथून एकेक बोट बाहेर नेत सगळा कीबोर्ड फिरून ये. आईलाही शेजारी बसव. पुन्हा कॅप्स लॉक आणि एक दाबलं की नेहमीचं काम सुरू.

दुसऱ्या दिवशी भावाला सांगून सेटिंगमधून मराठी कीबोर्ड जोडून घे. विंडोज आणि स्पेस दाबलं की इंग्रजीचं मराठी होतं. नोटपॅड उघड आणि गावाचं नाव लिही. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीकचा मराठी आवाज आधी खडबडीत वाटेल, आठवडाभर तोच ठेव. तो वेगात स्पष्ट राहतो, आणि की दाबल्याबरोबर बोलतो. वेग हळूहळू वाढव.

लॅपटॉप पसंत पडला की बिल करायच्या आधी दुकानातून फोन कर, मी तुला खाजगी निरोपात नंबर पाठवते आहे. नॅरेटर चालू करून फोन लॅपटॉपच्या स्पीकरजवळ धर, मी इकडून ऐकते.